क्रूस खांद्यावर आणि क्रूस डोंगरावर

येशूला मृत्युदंड फर्मावला गेला तेथपासून त्याचा देह थडग्यात ठेवला गेला तेथपर्यंतच्या चौदा प्रसंगांपाशी थांबत, प्रार्थना करीत जाण्याचा विधी म्हणजे ‘क्रुसाची वाट’. जेरुसलेमची यात्रा ज्यांना घडणे अशक्य, त्यांच्यासाठी फ्रान्सिस्कन साधूंनी ती गावोगावी रुजविली, आणि १७३१ साली पोप बारावे क्लेमेंट यांनी थांब्यांची संख्या चौदा अशी कायम केली. ही मुळात गरिबांची यात्रा होय.

केरळात मलयाट्टूरच्या कुरिशुमुडीवर उपवासकाळात तिचे अस्सल रूप दिसते. डोंगराची उंची सुमारे ६०९ मीटर. संत थॉमस येथे प्रार्थनेस आले अशी भाविकांची श्रद्धा. लोक लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन खडकाळ वाट चढतात. कित्येक क्रूस इतके जड की पाचदहा जणांनी मिळून ते वाहावे लागतात. (शंकराचार्यांचे कालडी येथून हाकेच्या अंतरावर नसले तरी जवळच आहे.)

परंतु डोंगरावरचा प्रत्येक क्रूस असा घामाने वर गेलेला नसतो. एप्रिल २०१७ मध्ये मुन्नारजवळ पाप्पातिचोला येथे सरकारी जमिनीवर उभारलेला एक भव्य क्रूस महसूल अधिकाऱ्यांनी हटविला, तेव्हा खुद्द मुख्यमंत्र्यांनीच नापसंती व्यक्त केली. श्रद्धेची ढाल पुढे केली की कायद्याचा हात कसा अडखळतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण नको. त्याआधी, पुण्याच्या माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली पश्चिम घाटातील खाणी व बांधकामे यांना आवर घालण्याची शिफारस केली, तेव्हा इडुक्कीतील धर्मगुरूंनी विरोधाचे नेतृत्व केले होते. तेथील कष्टकरी शेतकऱ्यांना जमिनी जाण्याची भीती वाटत होती आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती, हे आम्ही मान्य करतो. तथापि ऑगस्ट २०२० मध्ये त्याच इडुक्कीत पेट्टिमुडी येथे दरड कोसळून साठांहून अधिक माणसे गाडली गेली. ती चहामळ्यातील मजूर व त्यांचे कुटुंबीय होती.

सृष्टीच्या रक्षणाविषयी पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढले. ते व्यासपीठावरून वाचून दाखविणे सोपे आहे. सरकारी डोंगरावर परवानगीवाचून उभारलेल्या क्रुसापाशी आपला एकही पुरोहित प्रार्थनेस जाणार नाही, असे केरळच्या धर्मपीठांनी जाहीर करावे. सरकारनेही क्रुसावर चालविलेला तोच हातोडा उतारांवरील बेकायदा विश्रामगृहांवर चालवून दाखवावा. मलयाट्टूरच्या भाविकाला यांपैकी कशाचीच झळ लागणार नाही. त्याचा क्रूस तो घरून घेऊन येतो.