कडकपंथीयांविरुद्ध

कोल्हापूर जिल्ह्यात 'कडक' या शब्दाला जो मान आहे, तो भल्याभल्या पुढाऱ्यांनाही नाही. चहा कडक, इस्त्री कडक, भाषण कडक, सासरा कडक. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हाच शब्द घेऊन मंडळी जुन्या मोटारीच्या स्प्रिंगेपाशी येतात, तेव्हा मात्र मला दोन्ही हात वर करून 'थांबा!' असं ओरडावंसं वाटतं. स्प्रिंग कडक नसते हो! स्प्रिंग मापात असते, नाही तर मापाबाहेर असते. एवढं एकच वाक्य पटवण्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो आहे. ज्यांना ते आत्ताच पटलं, त्यांनी इथेच थांबून चहा घ्यावा. कडक चालेल.

या विषयात तोंड घालायचा मला अधिकार काय, असं कुणी विचारील. अधिकार एवढाच, की मी गगनबावड्याला राहतो आणि माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. कोल्हापूर आमच्यापासून ५५ किलोमीटर. दुसऱ्या बाजूला करूळ घाट आणि भुईबावडा घाट. दोन्ही वैभववाडीकडे उतरतात. जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस आमच्या वाट्याचा. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठे हळवे मृत्युलेख छापले. आमची पद्मिनी त्या दिवशी दूध आणायला गेली होती.

ही पद्मिनी मुळातली नाही. आधीच्या मालकाने तिच्यात डिझेल इंजिन बसवलं आणि आर. सी. बुकात तशी रीतसर नोंदही करून घेतली. त्यामुळे तिची पंचाईत अशी, की सरकारच्या २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची आणि मूळ रूपात राहिलेली गाडीच 'व्हिंटेज' ठरते. म्हणजे आमची बाई वयाने म्हातारी, पण म्हातारपणाचा मान नाही. बरं, इंजिन बदललं तरी पुढच्या स्प्रिंगा त्याच राहिल्या. पद्मिनीला मागे कमानपाटे आणि पुढे कॉइल स्प्रिंगा. वजन वाढलं पुढे. परिणामी गाडी कायम कुणाच्या तरी पाया पडायला वाकल्यासारखी उभी राहायची. ब्रेक मारला की साष्टांग.

आणि मग सल्लागार जमले. आपल्याकडे आजारी माणसापेक्षा आजारी मोटारीला जास्त वैद्य मिळतात.

पहिला पंथ कापणाऱ्यांचा. त्याचे प्रमुख माझे मेव्हणे. "दाजी, एक वेढा कापून टाका. स्प्रिंग कडक होतीया बघा!" आता गंमत अशी, की यात थोडं खरंही आहे. स्प्रिंग म्हणजे गुंडाळून ठेवलेली लांब सळई. सळई आखूड केली की ती ताठ होते. आठ कामाच्या वेढ्यांतला एक कापला, की उरलेली स्प्रिंग सुमारे १४ टक्के ताठ. पण ती बुटकीही होते, त्याचं काय? आधीच वाकलेल्या गाडीला आणखी खाली बसवायचं, हा उपचार म्हणजे ठेंगण्या माणसाची उंची वाढावी म्हणून त्याच्या चपला काढून घेण्यासारखा. शिवाय कापलेलं टोक बैठकीवर सपाट बसत नाही. काही कलाकार तर कापण्याचेही कष्ट घेत नाहीत. गॅसची ज्योत लावून स्प्रिंग बसवतात. पोलादाला दिलेलं पाणी त्या ज्योतीत उतरतं आणि ती स्प्रिंग पुढे बसतच जाते. सभेतल्या अध्यक्षासारखी, पुन्हा उठायचं नाव नाही.

दुसरा पंथ गुटकेवाल्यांचा. दोन वेढ्यांच्या मध्ये रबराचा गुटका कोंबला की प्रश्न मिटला. गुटका बसला तेवढे वेढे हलायचे थांबतात आणि त्यांचं काम उरलेल्या बिचाऱ्यांवर येऊन पडतं. दोघे रजेवर गेले की बाकीच्यांनी मरायचं, हा कचेरीतला कारभार आहे. मोटारीत तो नको.

तिसरा पंथ सगळ्यात घातक, कारण तो दुकानात बसतो. "काय काळजी करू नका साहेब. तार एक सूत जाड घेऊ, पाणी कडक देऊ. लोखंडी काम होतंय." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ऐकायला किती गरीब शब्द! पण स्प्रिंगेचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिलिमीटरची तार १३ केली, बाकी माप तेच ठेवलं, तर स्प्रिंग जवळजवळ ३८ टक्के ताठ. आणि एक सूत वाढवली तर अडीच पटीहून जास्त! राहता राहिलं 'कडक पाणी'. पाण्याने पोलाद कठीण होतं, स्प्रिंग ताठ होत नाही. ताठपणा ठरतो तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर. पाण्याचं काम एवढंच, की दाबलेली स्प्रिंग पुन्हा आपल्या जागी यावी, आणि तुटू नये. कठीण आणि ताठ यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने खुशाल हेडमास्तर व्हावं. स्प्रिंगा करू नयेत.

"पण कडक स्प्रिंगेने बिघडतं काय? जरा धक्के बसतील, एवढंच ना?" असं म्हणणाऱ्यांना मी पावसाळ्यात करूळ घाटात उतरायचं आमंत्रण देतो. ब्रेक गाडीला थांबवत नाही. ब्रेक चाकाला थांबवतो. गाडी थांबते ती टायरने रस्ता धरला म्हणून. प्रमाणाबाहेर ताठ स्प्रिंगेवरचं चाक खड्ड्याखड्ड्याला रस्ता सोडून उडतं, आणि जितका वेळ ते हवेत, तितका वेळ तुमचा ब्रेक, स्टिअरिंग आणि कुलदैवत, तिघेही बिनकामाचे. एका अंगाला दरी असताना ही चर्चा धक्क्यांची राहत नाही. खासबागेच्या मैदानात पैलवान बघा. गुडघ्यात वाकून, हलत उभा असतो. ताठ उभा राहतो तो पंच.

चौथा पंथ म्हणतो, "कशाला हा खटाटोप? नवी गाडी घ्या." नव्या गाडीची स्प्रिंग काय झाडाला लागते? तीही कुणीतरी वजन करून, हिशेब मांडूनच ठरवलेली असते. तोच हिशेब आपल्या गाडीचा केला तर तो वेडेपणा कसा? ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, तिथे दोन स्प्रिंगांसाठी आख्खी मोटार बदलायची?

उद्यमनगरात मला अखेर एक मेस्त्री भेटले. त्यांनी 'किती कडक?' असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "म्होरच्या दोन चाकांवर वजन किती येतंय?" मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, अंगावर ऑईल नसतं तर मारलीही असती. मग उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत पद्मिनी वजनकाट्यावर गेली. फक्त पुढची चाकं काट्यावर. आत नेहमीची माणसं, डिकीत नेहमीचं सामान. एक बिनबदलाची पद्मिनीही तशीच तोलली. फरक निघाला ७५ किलोंचा. म्हणजे एक धडधाकट मामा इतकी वर्षं बॉनेटखाली बसून प्रवास करत होता!

मग मेस्त्रींनी जुन्या स्प्रिंगेची तार, व्यास, वेढे, मोकळी उंची असं सगळं मोजलं. स्प्रिंग चाकाच्या आतल्या अंगाला असते, त्यामुळे तरफेच्या न्यायाने तिच्यावर चाकापेक्षा जास्त भार येतो, तोही धरला. कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब झाला. नंतर सळई लालबुंद करून साच्यावर गुंडाळणं, तेलात विझवणं, पुन्हा बेताचा ताव देऊन तिचा ठिसूळपणा काढणं, टोकं घासून सपाट करणं आणि शेवटी प्रेसखाली वेढ्याला वेढा भिडेपर्यंत दाबून उंची तपासणं. दोन्ही स्प्रिंगा जुळ्या. यात गुपित काही नाही. दाबाल त्या प्रमाणात स्प्रिंग उलट जोर करते, हा नियम रॉबर्ट हुकने १६७६ साली अक्षरं विस्कटून छापला होता, कुणी चोरू नये म्हणून. पण १६७८ साली त्यानेच तो उलगडून सांगितला. तेव्हापासून हे ज्ञान फुकट आहे. फक्त ते वापरायला वजनकाट्यापर्यंत जावं लागतं.

आणि इथेच आमची खरी खोड आहे. मेस्त्रींच्या दारात माझ्यापुढे एक गृहस्थ घासाघीस करत होते : "सळईचा किलोचा भाव मला ठाऊक आहे. मग एवढे पैसे कसले?" अहो, मोजण्याचे! सळई भंगारातही मिळते. व्हर्नियर लावून तासभर डोकं चालवणारा माणूस किलोवर मिळत नाही. मापाला पैसे नाकारले, की पुढचा मेस्त्री मोजायचं सोडतो आणि 'एक सूत जाड घेऊ' म्हणायला लागतो. तिसरा पंथ दुकानात बसला आहे तो आपणच बसवलेला आहे.

तेव्हा जुन्या गाडीच्या मालकांनो, स्प्रिंग करायला निघालात तर खिशात वजनाची चिठ्ठी ठेवा, माप मागा, मापाचे पैसे द्या आणि मेव्हण्यांना घरी ठेवा. 'कडक' हा शब्द मेस्त्रींच्या दारात, चपलांशेजारी काढून ठेवावा.