स्मारकांतील बोलके पडदे आणि मुकी ठेवलेली जनता

धरमपेठेतून पश्चिमेकडे निघाले की उजव्या हाताला फुटाळा तलाव लागतो आणि डाव्या हाताला अंबाझरी. या दोन तलावांच्या काठी गेल्या काही वर्षांत जे घडले, ते शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय या शहराच्या तथाकथित सांस्कृतिक विकासाचा अर्थ कळत नाही. फुटाळ्यात २०२२ साली संगीत कारंज्याचे चाचणी प्रयोग झाले. पाण्याचा पडदा, त्यावर हलणारी चित्रे, रंगीत झोत, ए. आर. रहमान यांचे संगीत, मराठीत नाना पाटेकर, हिंदीत गुलजार आणि इंग्रजीत अमिताभ बच्चन यांचा आवाज, आणि विषय नागपूरचा इतिहास. त्याच्या एक वर्ष आधी, २०२१ साली, करोनाने माणसे घरात कोंडलेली असताना अंबाझरी उद्यानातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन पाडून टाकण्यात आले. त्या परिसरात एका खासगी कंपनीचा मनोरंजन प्रकल्प यायचा होता. भवनासाठी आमच्या मायबहिणी २०२३ साली तेथे कित्येक महिने धरणे धरून बसल्या. ऊन, पाऊस सारे अंगावर घेतले.

फुटाळा ही पाणथळ जागा आहे की नाही, यावर न्यायालयात बरीच झुंज झाली आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. तो वाद पर्यावरणाचा. आमचा प्रश्न निराळा आहे. इतिहास सांगण्यासाठी आता पडदे, झोत, आवाज आणि संगणक वापरले जाणार हे ठरून गेले आहे. स्मारके, वस्तुसंग्रहालये, उद्याने सगळीकडे हेच येत आहे. 'परस्परसंवादी डिजिटल माध्यम' असा भारदस्त शब्द शासनाच्या निविदांत आणि सल्लागारांच्या आराखड्यांत सर्रास दिसतो. पण हा परस्पर म्हणजे कोण? संवाद कोणाचा कोणाशी? हे विचारण्याची वेळ आंबेडकरी जनतेवर आली आहे, कारण आमची स्मारकेही याच वाटेने जाणार आहेत.

कारंज्यापुढे बसलेला माणूस काय करतो? पाहतो, टाळ्या वाजवतो, मोबाईलवर चित्रण करतो आणि घरी जातो. त्याला मध्येच विचारता येत नाही की, अहो, एम्प्रेस मिलमध्ये ज्यांचे आयुष्य गेले ते आमचे आजोबा या इतिहासात कुठे आहेत? ३० मे १९२० पासून तीन दिवस राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली याच नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली होती. जुलै १९४२ मध्ये येथेच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला आणि त्याच अधिवेशनात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद झाली. शहराचा इतिहास सांगणाऱ्याने हे घेतले तर त्याची मेहेरबानी, वगळले तर ऐकणाऱ्याच्या हातात काहीच नाही. तंत्र कितीही नवे असो, एकाने व्यासपीठावरून सांगायचे आणि बाकीच्यांनी खाली बसून ऐकायचे, ही पुराणिकबुवांची जुनीच रीत झाली!

खरे परस्परसंवादी माध्यम धरमपेठेतच आहे आणि त्याला संगणक लागत नाही. ट्रॅफिक पार्क म्हणजे काय? लहान मुलांसाठी छोटे रस्ते, वळणे, सिग्नल. मूल स्वतः फिरते, चुकते, थांबते आणि नियम शिकते. त्याला कोणी भाषण देत नाही. माणूस करून शिकतो, एवढी साधी कल्पना त्यामागे आहे. लाखो रुपयांचे टचस्क्रीन उभारणाऱ्यांनी आधी तेथे तासभर बसून मुलांकडे पाहावे, असे आम्हाला वाटते.

आणि आपल्या चळवळीला तर हे शिकवण्याची गरजच नाही. भीमराव कर्डक यांच्यासारख्यांचे आंबेडकरी जलसे वस्त्यावस्त्यांत होत, तेव्हा ऐकणारे निरक्षर होते पण मुके नव्हते. जलशाच्या सवालजवाबात त्यांच्याच घरातला प्रश्न यायचा आणि त्यांच्याच बोलीत त्याचे उत्तर यायचे.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषण आधी वाचून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापले. पुढे १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत काय केले? गांधीजींनी 'हरिजन'मध्ये केलेली टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि त्याखाली आपले उत्तर दिले. वाचकापुढे दोन्ही बाजू ठेवल्या, निवाडा त्याच्यावर सोपवला. विरोधकाचे म्हणणे आपल्या खर्चाने छापणारा माणूस वाचकाला किती मान देत असेल! न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने, जेथे बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले, त्याच ग्रंथाची संगणकावरील अभ्यास-आवृत्ती २००४ च्या सुमारास तयार केली. प्राध्यापक फ्रान्सिस प्रिचेट यांनी ती संपादित केली. मूळ मजकूर तसाच ठेवून, जो शब्द किंवा जे नाव अडेल त्याचे स्पष्टीकरण तेथेच मिळावे, अशी ती रचना. चमचमाट काही नाही. सातासमुद्रापलीकडे हे झाले, त्याला दोन दशके उलटून गेली. मराठीत, ज्या भाषेतून कोट्यवधी अनुयायी विचार करतात त्या भाषेत, या तोडीचे काम शासनाने उभे केलेले आम्ही पाहिले नाही.

शासनाकडे साहित्य नाही असे थोडेच आहे? नागपूरचे सुपुत्र वसंत मून यांनी आयुष्य झिजवून 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस'चे खंड संपादित केले. पहिला खंड १९७९ साली निघाला. मून २००२ साली गेले. पुढे या खंडांची छपाई अशी रखडली की, डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला वर्तमानपत्रातील बातमीवरून स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्यांच्याकडून साधा खंड वेळेवर छापून होत नाही, ते उद्या आमच्या स्मारकात बोलका पडदा लावू म्हणतील, तेव्हा आम्ही आधी विचारू की त्या पडद्यामागचा मजकूर कोणत्या खंडातला, कोणत्या पानावरचा?

हा प्रश्न आता फार गंभीर झाला आहे. आता यंत्रे माणसाचा आवाज हुबेहूब काढतात आणि मृत माणसाच्या तोंडी वाटेल ते वाक्य घालतात. महापुरुषाची चालती-बोलती प्रतिमा उभी करायची आणि लोकांना म्हणायचे, 'या, प्रश्न विचारा, साहेब उत्तर देतील!' अनेकांना ही कल्पना मोहात पाडते, आपल्यातल्या चांगल्या शिकलेल्या तरुणांनाही. आम्ही त्यांना हात जोडून सांगतो, हे करू नका. बाबासाहेबांनी जे लिहिले ते लिहिलेले आहे आणि जे बोलले त्याची नोंद आहे. जे बोलले नाहीत ते यंत्राने त्यांच्या आवाजात बोलायचे आणि आमच्या पोराने तेच खरे मानायचे, हा परस्परसंवाद नव्हे, ही भेसळ आहे. तथागतांच्या नावावर पुढच्या काळात काय काय खपवले गेले, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना पाहिले होते. तोच प्रकार त्यांच्याबाबत आपल्या डोळ्यांदेखत होऊ द्यायचा काय?

आणि प्रश्न फक्त खोटे घालण्याचा नाही, खरे गाळण्याचाही आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीत धम्मदीक्षेच्या कार्यक्रमात बावीस प्रतिज्ञा म्हटल्या गेल्या. तेथे उपस्थित असलेले दिल्लीचे मंत्री राजेंद्र पाल गौतम यांना काही दिवसांत मंत्रिपद सोडावे लागले. ज्या प्रतिज्ञा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांसमोर दिल्या गेल्या, त्या म्हटल्याने २०२२ साली मंत्री घरी जातो! मग शासनाच्या पैशाने होणाऱ्या डिजिटल दालनात बावीसपैकी किती प्रतिज्ञा दिसतील? पडद्याला जागा कमी होती, दोन मिनिटांतच संपवायचे होते, अशी कारणे तयारच असतात.

तंत्रज्ञानाला आमचा विरोध आहे असा समज कोणी करून घेऊ नये. पोरे मोबाईलवर जगतात, हे आम्हालाही दिसते. चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचा टाइपरायटर, कपडे, रोजच्या वापरातील वस्तू आहेत. नानकचंद रत्तू यांनी जपलेल्या आणि वामनराव गोडबोले यांनी नागपुरात आणलेल्या या ठेव्यापुढे उभे राहिलेले मूल काचेआडची वस्तू पाहून पुढे सरकते. त्याच काचेशेजारी कळ दाबल्यावर त्या यंत्रावर टंकलेल्या एखाद्या पत्राची प्रत दिसली, ते मोठ्याने वाचून दाखवणारा आवाज ऐकू आला, तर ते मूल पाच मिनिटे थांबेल. याला आम्ही माध्यमाचा उपयोग म्हणतो. वस्तू खरी, पत्र खरे, वाचणारा आवाज आजच्या माणसाचा आणि तो तसा असल्याचे स्पष्ट लिहिलेले.

आता गर्दीचे बोलू. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर येणारा माणूस कोण असतो? मेळघाटातून, मराठवाड्यातून, तेलंगणातून, उत्तर प्रदेशातून रात्रभर प्रवास करून आलेला. पोराला खांद्यावर, म्हातारीला हाताला धरून. त्या दिवशी मोबाईलचे नेटवर्क बसते, फोन लागत नाही. अशा ठिकाणी 'क्यूआर कोड स्कॅन करा, ॲप उतरवून घ्या, नाव-नंबर भरा' असे सांगणारा रचनाकार कधी त्या गर्दीत उभा राहिला आहे काय? एका माणसाने बोट लावून चालवायचे यंत्र लाखांच्या रांगेत दुपारपर्यंत बंद पडते. तेथे हवे ते साधे, दणकट, अनेकांना एकाच वेळी ऐकता-पाहता येणारे. मराठीबरोबर हिंदी, तेलुगू, कन्नड हवी. वाचता न येणाऱ्या माउलीसाठी आवाज हवा. नेटवर्क नसतानाही चालेल अशी जागच्या जागी व्यवस्था हवी. कोणाचेही नाव-नंबर मागू नये, कारण आमच्या लोकांची यादी कोणाच्या हाती पडेल याचा भरवसा नाही. आणि तेथील पुस्तकांच्या दुकानांची एक इंचही जागा या यंत्रांनी घेऊ नये. उभ्या उभ्या चाळायचे, दुकानदाराशी वाद घालायचा, शेजाऱ्याला विचारायचे आणि दहा-वीस रुपयांची पुस्तिका घेऊन घरी जायचे, असा संवाद दुसऱ्या कोणत्या संग्रहालयात होतो ते आम्हाला दाखवा.

१ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध लोक का उसळले? स्तूपाच्या शेजारी एवढे खोदकाम होते, त्याने स्तूपाला धोका होईल ही भीती लोकांच्या मनात होती आणि त्यांना विश्वासात घेतले गेले नव्हते. लोक रस्त्यावर आल्यावर शासनाला काम थांबवावे लागले. आराखडा आधी लोकांपुढे टांगला असता तर ही पाळी आली नसती. यात दोष फक्त शासनाचा आहे असेही आम्ही म्हणणार नाही. आपल्याही संस्था आणि समित्या कोनशिलेवर कोणाचे नाव यावे यासाठी वर्षानुवर्षे भांडतात आणि आत काय असावे यावर एक बैठक घेत नाहीत.

सर्वांत तातडीची गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. १९५६ साली जो पंधरा वर्षांचा होता तो २०२६ साली पंच्याऐंशी वर्षांचा होतो. पांढरे लुगडे नेसून, पांढरा सदरा घालून, भाकरी बांधून पायी आलेली ती माणसे आता इंदोरा, पाचपावली, कामठी आणि खेड्यापाड्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. घरातले देव कोणत्या दिवशी नदीत सोडले, सासूने काय म्हटले, गावच्या पाटलाने काय केले, मेलेले ढोर ओढायला नाही म्हटल्यावर कोणाचा मार खाल्ला, हे एकाही खंडात नाही. ते या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे आणि दर महिन्याला त्यातले थोडे थोडे सरणावर जात आहे. डिजिटल माध्यमाचा आमच्यासाठी पहिला उपयोग हा आहे. दालन, पडदा, झोत नंतर पाहू. बोलणाऱ्याची लेखी परवानगी घेऊन, त्याच्या वऱ्हाडी-झाडी बोलीत, न कापता हे ध्वनिमुद्रित करावे, एक प्रत त्याच्या घरी द्यावी आणि दालनात येणाऱ्या प्रत्येकाला 'माझ्या आजीचेही घ्या' असे सांगण्याची सोय ठेवावी.

हे काम सल्लागार कंपनीच्या निविदेने होणार नाही. नागपूरच्या विद्यापीठात आंबेडकर विचारधारा शिकणारी मुले आहेत, वस्त्यावस्त्यांत विहारे आहेत, दर पौर्णिमेला तेथे महिला जमतात. एका मोबाईलवर तासभराचे बोलणे उतरते. आणि अंबाझरीचे भवन जेव्हा पुन्हा उभे राहील, तेव्हा त्याच्या पहिल्या दालनात २०२३ साली तेथे धरण्यावर बसलेल्या बायांचा आवाज ऐकू यायला हवा. त्यांच्यापैकी किती जणींची मुलाखत आजवर कोणी नोंदवून ठेवली आहे?