जुन्या मोटारीचा विरंगुळा

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, आणि अनेक मध्यमवर्गीय घरांची पहिली मोटार ठरलेली पद्मिनी पुण्यातील एखाद्या सोसायटीच्या कोपऱ्यात धूळ खात उभी दिसली, की तिची रवानगी भंगारात करण्यापूर्वी घरातील कुणीतरी तिला आपला फुरसतीचा उद्योग करून घ्यावा, असे मला कळकळीने सुचवावेसे वाटते. तिचे १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन संगणकाच्या मध्यस्थीवाचून चालते. कार्ब्युरेटर उघडून जेट स्वच्छ करणे, डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटांचे अंतर फीलर गेजने मोजून जुळवणे, ही कामे डोळ्यांना दिसतात, हातांना कळतात, आणि ती करीत असता दिवसभराच्या विवंचनांनी विखुरलेले चित्त आपोआप एकाग्र होते. बुधवारी व रविवारी भरणाऱ्या मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात एखादे दिव्याचे कडे हुडकत हिंडणे हा तर, माझ्या मते, या साधनेचा सर्वांत रमणीय भाग होय.

सरकारदरबारी मात्र अशा गाडीची कदर नाही. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली. परंतु १९९० ची पद्मिनी त्या मुदतीत बसत नाही, आणि पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. धूर ओकणाऱ्या गाडीस सवलत नसावी, हे मान्यच; पण जी क्वचितच रस्त्यावर येते आणि तपासणीत निर्दोष ठरते, तिच्या मालकाची दरखास्त परिवहन खात्याने निराळ्या दराने मंजूर करावी.