नाक-सायनसच्या कर्करोगातील कड : अहवालातील एका शब्दाचे वजन

नाक आणि त्याभोवतीच्या सायनस नावाच्या हवेच्या पोकळ्या यांत उद्भवणारा कर्करोग विरळा असून डोके व मान यांच्या एकूण कर्करोगांत त्याचा वाटा सुमारे ३ ते ५ टक्के मानला जातो. तथापि डोळा आणि मेंदू यांना लागून वाढणाऱ्या या गाठी पूर्णपणे काढणे हे शस्त्रक्रियेतील अत्यंत कठीण कामांपैकी एक आहे. काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कर्करोगाच्या पेशी पोहोचल्या आहेत का, यावरून शरीरात रोग उरला असण्याची शक्यता जोखली जाते आणि त्यावरच पुढील उपचारांची दिशा ठरते.

कवटीच्या तळापर्यंत गेलेल्या गाठी चेहरा आणि कवटी अशा दोन्ही बाजूंनी काढण्याच्या क्रेनिओफेशियल शस्त्रक्रियेसंबंधी १७ संस्थांनी १,३०७ रुग्णांची एकत्रित माहिती २००३ मध्ये प्रसिद्ध केली. तीत पाच वर्षांचे जीवितप्रमाण ५४ टक्के आढळले, आणि त्यावर स्वतंत्र परिणाम करणारे तीन घटक स्पष्ट झाले : गाठीचा ऊतिप्रकार, कवटीच्या आत झालेला तिचा शिरकाव आणि कडेची स्थिती. पहिले दोन घटक रुग्ण उपचारांसाठी येतो तेव्हाच ठरून गेलेले असतात. तिसरा मात्र काही अंशी तरी शल्यचिकित्सकाच्या नियोजनावर आणि हातावर अवलंबून असतो. आक्रमक गाठीतच कड रोगग्रस्त राहण्याचा संभव अधिक असतो, हे मान्य करूनही या तिसऱ्या घटकाचे महत्त्व उरतेच.

तोंडाच्या कर्करोगात ५ मिलिमीटर निरोगी ऊती मिळाली की कड रोगमुक्त मानण्याचा प्रघात आहे. तो निकष येथे जसाच्या तसा लागू होत नाही. एथमॉइड सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये कागदासारखी पातळ हाडाची भिंत, तिच्यामागे पेरिऑर्बिटा हे खोबणीचे अस्तर आणि त्यापुढे डोळ्याभोवतीची चरबी, अशी रचना असल्याने तेथे अंतर मोजण्यापेक्षा कोणता थर ओलांडला गेला हे पाहणे अर्थपूर्ण ठरते. अस्तर बाधित झाले पण चरबी निरोगी असेल, तर बाधित अस्तर काढून डोळा वाचवता येतो. नाकाच्या छताशी हेच काम ड्यूरा, म्हणजे मेंदूचे बाहेरचे आवरण, करते.

शस्त्रक्रिया चालू असताना ऊती गोठवून केली जाणारी तपासणी, म्हणजे फ्रोझन सेक्शन, मोलाची असली तरी तिला मर्यादा आहेत. हाडातील कॅल्शियम काढल्याशिवाय त्याचे काप घेता येत नसल्याने हाडाच्या कडेचा निर्णय काही दिवसांनीच कळतो. आणि ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमासारखा प्रकार मज्जातंतूंच्या कडेने दूरवर सरकतो, त्यामुळे तपासलेला तुकडा निरोगी निघूनही रोग त्यापलीकडे असू शकतो.

गाठ अखंड काढली तरच कड विश्वासार्ह, ही धारणा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने बदलली. पोकळीत लोंबणारा गाठीचा भाग आधी कमी करून, ती नेमकी कोठे रुजली आहे हे शोधून, त्या मुळाभोवतीचे थर बाहेरून आत सोडवत काढण्याची पद्धत आता रुळली आहे. इटलीतील ब्रेशा आणि वारेझे येथील १८४ रुग्णांच्या २००८ मधील अहवालात, केवळ नाकातून दुर्बिणीने शस्त्रक्रिया झालेल्या १३४ जणांत पाच वर्षांचे रोगविशिष्ट जीवितप्रमाण, म्हणजे मूळ कर्करोगाने मृत्यू न आलेल्यांचे प्रमाण, ९१.४ टक्के, तर कवटीही उघडावी लागलेल्या ५० जणांत ५८.८ टक्के होते. दुसऱ्या गटातील रोग अधिक पसरलेला असल्याने ही दोन शस्त्रक्रियांची तुलना ठरत नाही. योग्य निवडलेल्या रुग्णात गाठीचा पोकळीतील भाग तुकड्यांनी काढणे घातक नसते, एवढे मात्र या आकड्यांतून दिसते.

तुकड्यांत आलेल्या नमुन्याची कड विकृतितज्ज्ञाला एकट्याने ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक कडेचे स्थान नाव देऊन कळवणे, ती काढलेल्या गाठीवरून घेतली की शरीरातील उरलेल्या पृष्ठभागावरून हे लिहिणे, आणि पहिली कड रोगग्रस्त निघाल्यावर पुन्हा कापून घेतलेल्या भागाची स्वतंत्र नोंद ठेवणे, ही शल्यचिकित्सकाची जबाबदारी होय. गाठीने कॅरोटिड धमनीला वेढा घातला असेल, तर कड रोगमुक्त मिळणार नाही हे सीटी आणि एमआरआयवरून आधीच ओळखून रसायनोपचार वा किरणोपचाराचा विचार शस्त्रक्रियेपूर्वी, सर्व तज्ज्ञांच्या एकत्रित बैठकीत व्हायला हवा.

‘कडा मुक्त’ एवढाच शेरा हाती आलेल्या किरणोपचार तज्ज्ञाला सर्वाधिक धोका कोठे आहे हे कळत नाही. उलट ‘उजवीकडील पेरिऑर्बिटाची कड रोगग्रस्त’ एवढे वाचले की नेमक्या त्या जागी मात्रा ६० ग्रेवरून ६६ ग्रेपर्यंत वाढवता येते आणि शेजारच्या दृष्टितंतूला शक्य तितके जपता येते. रुग्णाचे आयुष्य आणि त्याची दृष्टी दोन्ही ज्या नोंदीवर अवलंबून आहेत, ती शस्त्रक्रियेच्या दिवशीच, स्मृती ताजी असताना, पूर्ण व्हावी.