शिक्षण आणि फसलेले साधन

नको असताना दिवस राहिले की ती बाई अडाणी असली पाहिजे, असा आपल्या मंडळीत एक दृढ समज आहे. आम्हांस तो मान्य नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली आहे. हे प्रमाण कमी शिकलेल्यांत अधिक आणि उच्चशिक्षितांत कमी आढळते. ही शस्त्रक्रिया पहिल्या वर्षात दोनशेंत एखादीचीच फसते. शिकलेली जोडपी बहुधा निरोध, गोळ्या नाहीतर कॅलेंडर यांवर विसंबतात. ही साधने रोजच्या सावधपणावर चालतात. नेहमीच्या वापरात निरोधावर विसंबलेल्या शंभरांपैकी दहाहून अधिक स्त्रियांना वर्षभरात दिवस राहतात. तेव्हा पदवीधर सून फसली, तर त्यात नवल ते काय?

एकच साधन वापरणाऱ्या दोघींमध्ये मात्र समज कामी येते. माला-एनच्या पाकिटात अठ्ठावीस गोळ्या असतात. त्यांतील एकवीस औषधाच्या, सात केवळ लोहाच्या. क्रम उलटा झाला किंवा नवे पाकीट चार दिवस उशिरा उघडले, की संरक्षण संपले. क्षयाच्या उपचारातील रिफाम्पिसिन चालू असेल, तर या गोळ्यांचा प्रभाव घटतो; ते मात्र डॉक्टरांनीच सांगावयास हवे.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो 'सुरक्षित दिवसां'चा. पाळीपासून चौदावा दिवस धोक्याचा, एवढे पाठ असते. वस्तुतः ते चौदा दिवस पुढच्या पाळीपासून मागे मोजावयाचे असतात. पाळी पस्तीस दिवसांची असेल, तर बीज एकविसाव्या दिवसाच्या सुमारास सुटते. शिवाय पुरुषबीज पाच दिवसांपर्यंत टिकू शकते. पाळी पुढेमागे होणाऱ्या स्त्रीने तर या गणितावर मुळीच विसंबू नये. 'अंगावर पाजणारीला दिवस जात नाहीत' हे आजीबाईंचे वचनही अर्धेच खरे. मूल सहा महिन्यांच्या आतले, केवळ अंगावरच्या दुधावर आणि पाळी अद्याप न आलेली, या तिन्ही अटी असतील तरच ते बहुतांशी खरे ठरते.

दहावीच्या विज्ञानात हा विषय आहे. वर्गात ते पान 'घरी वाचा' म्हणून उलटले जाते, हे आम्ही शाळेतच आयुष्य काढल्यामुळे जाणतो. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालविले. तरी मराठी घरांत हे शब्द आजही दबक्या आवाजातच उच्चारले जातात. आणि पुरुष? त्याच सर्वेक्षणात पुरुष-नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के आहे. जे ती करून घेतात, त्यांनाही पुढचे तीन महिने व तपासणी होईपर्यंत दुसरे साधन वापरावे लागते. हे न कळल्याने घरात नसता संशय उभा राहतो, तोही बायकोवर.

साधन फसून गर्भ राहिला, तर १९७१ च्या कायद्याने गर्भपाताची सोय विवाहितेला दिली होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती कोणत्याही स्त्रीस मिळाली. 'एवढी शिकलेली असून असे कसे झाले?' हा प्रश्न त्या कायद्यात कोठेही नाही. तो घरात विचारला जातो, कधी दवाखान्यातही. आणि त्याच्या धाकाने बाई दोन-तीन महिने गप्प बसते, गावठी औषधे घेते. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते, हे तिला तेव्हा कोणी सांगितलेले नसते.