मासे वाढले म्हणे, पण कोणते?



चहाबरोबर वर्तमानपत्र वाचायची मास्तरकीतली सवय अजून सुटलेली नाही. परवा पुन्हा तीच बातमी: शेततळे, काठावर हसरा शेतकरी, हातात कटला आणि वर 'यशोगाथा'. नदीतल्या माशाची बातमी मात्र तो मेल्यावरच येते.

गैरसमज नको. 22 एप्रिल 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, हे चांगलेच झाले. कोरडवाहू शेतकऱ्याला जोडधंदा मिळत असेल तर मी कशाला नाक मुरडू? माझा राग मासे पाळणाऱ्यावर नाही, अर्धीच गोष्ट छापणाऱ्यांवर आहे.

राहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेकडचे. बीज सोडून ते आपल्या तलावांत आणले. लहानपणी पहिल्या पुराला चढणीचे मासे धरायला आम्ही ओढ्यावर धावायचो. मरळ, वाम, शिंगटी, देशी मांगूर सगळे ओळखीचे. माझा एक जुना विद्यार्थी, भोई समाजातला, म्हणाला, "गुर्जी, जायं तं भरते, पण त्यात दोन-तीनच जाती भेटतात." हे वाक्य मी आजवर कुठल्याही बातमीत वाचले नाही. बातमीत फक्त टन असतात. वजन वाढले म्हणजे नदी सुधारली, असा हिशेब चौथीतल्या पोराने मांडला असता तर मी त्याला बाकावर उभे केले असते.

आफ्रिकन मांगूर सुटला की देशी मासे फस्त करतो, म्हणून त्यावर 2000 साली बंदी आली. छापा पडला की बातमी येते. ओढ्यात मागे काय उरले, ते पाहायला कोणी जात नाही.

कॅनडात समुद्रातल्या पिंजऱ्यांत सामन मासा पाळतात. तिथल्या उवा आणि रोग नदीत चढणाऱ्या रानच्या सामनला लागतात का, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. 2024 मध्ये सरकारने ब्रिटिश कोलंबियातले हे उघडे पिंजरे 2029 च्या जूनअखेर बंद करण्याचे जाहीर केले. निर्णय बरोबर की चूक, ते सोडा. प्रश्नाला दोन बाजू आहेत, हे तिथल्या वाचकाला कळले तरी.

लांब कशाला, आपल्या विदर्भातच पाहा. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांत ढीवर बांधवांनी मनीष राजनकरांच्या संस्थेबरोबर देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे परत आणायला घेतले. ही यशोगाथा नाही का?

हे सगळे मी एका संपादकांना लिहून पाठवले. पत्र छापून आले, पण देशी माशांचा परिच्छेद गाळून. मथळा होता, 'मत्स्यशेतीला चालना द्या'!

असो. पत्रकार मित्रांनो, टन जरूर छापा. फक्त भोयाच्या टोपलीतही एकदा डोकावा आणि जाती किती, तेही मोजा. नातवंडांना मरळ चित्रात दाखवायची वेळ आमच्यावर येऊ देऊ नका.