मधल्या वाटेचा हिशोब

पळणं आणि जुन्या वस्तूंचा व्यापार यांचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. एकाला घाम लागतो, दुसऱ्याला भांडवल. पण मला विचाराल तर दोन्हींचा पाया एकच आहे: लागलेला वेळ. तो उधार मिळत नाही. आणि म्हणूनच दोन्हीकडे त्याची नक्कल करणारे भेटतात.

आधी पळण्याचं बघू. 1980 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये रोझी रुईझ महिलांमध्ये पहिली आली. पण मधल्या टप्प्यांवर तिला कुणी पाहिलंच नव्हतं. काही दिवसांतच तिचं जेतेपद काढून घेतलं आणि कॅनडाच्या जॅकलीन गॅरो विजेत्या ठरल्या. शेवटची रेषा रुईझने खरंच ओलांडली होती. पळली नव्हती ती मधली वाट.

जुन्या वस्तूंचंही तसंच. पितळ रसायन लावून काळपट करतात, कागद चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा करतात, लाकडाला भोकं पाडून कीड लागल्याचं भासवतात. जाणकार मात्र झीज कुठे आहे ते बघतो. रोजच्या वापरातला तांब्या हात लागतो तिथे आणि टेकतो तिथे झिजतो. नकली जुनेपणा सगळीकडे सारखाच असतो. पळणाऱ्याच्या बुटाचा तळ उलटून बघा, तोही सगळीकडे सारखा झिजलेला नसतो. मग जाणकार विचारतो, ही वस्तू कुणाच्या घरची, मध्ये कुणाकडे होती? हीच ती मधली वाट.

खऱ्या वेळेचा मान राखणारी दोन माणसं आपल्याकडेच आहेत. बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि 19 वे आले. पदक नाही, पण प्रत्येक पाऊल स्वतःचं. साधारण त्याच सुमारास पुण्याच्या दिनकर केळकरांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, वज्री, दौती, कुलपं. म्हणजे साध्या घरातल्या हाताने झिजलेल्या वस्तू. केळकर व्यापारी नव्हते, संग्राहक होते. पण पारखण्याची नजर तीच. 1975 मध्ये त्यांनी तो हजारो वस्तूंचा संग्रह राज्य शासनाला देऊन टाकला.

आता फरकही मान्य करू. संत पौलाने शर्यतीची उपमा दिली आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात मोती शोधणारा व्यापारी आहे. धावणारा स्वतःचा वेळ खर्च करतो, व्यापारी मात्र दुसऱ्याच्या आयुष्यातला वेळ विकतो. म्हणून खरेपणाची जबाबदारी व्यापाऱ्यावर जास्त. 1972 चा पुरावस्तू कायदा साधारणपणे 100 वर्षं जुन्या वस्तूंना लागू होतो, हस्तलिखितांना 75. त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो. पण साठ वर्षांच्या हंड्याला कुठला कायदा?

आणि आपला प्रश्न तिथेच आहे. सचिनमध्ये कामधंद्यासाठी आलेल्या मराठी घरांनी गावाकडून हंडे, घंगाळं, पितळी डबे सोबत आणले. आता खोली लहान पडते, मग ते भंगारात किलोवर जातात. विकू नका असं मी म्हणत नाही. गरज असते, जागा नसते. पण पुढे तोच हंडा दुप्पट-तिप्पट भावाला ‘नवाबाच्या कोठीतला’ म्हणून विकायला कितीसा वेळ लागतो? जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या नवाबांचं इथे 1791 पासून 1948 पर्यंत राज्य होतं, त्यामुळे गोष्ट सहज खपेल. ही रुईझचीच चाल झाली: मधली वाट गाळायची आणि थेट शेवटच्या रेषेवर उभं राहायचं. गळते ती कोण? पहाटे उठून तो हंडा भरणारी कुणाची तरी आजी.

म्हणून आपल्या मंडळापुढे एक साधा प्रस्ताव ठेवते. प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू निवडावी आणि ती विकायच्या आत तिच्याबद्दल अर्धं पान लिहावं: कुठे घेतली, कुणी वापरली, कुठे झिजली. आजी-आजोबांना विचारूनच, बरं का, मनाने रचून नाही. पुढच्या अंकात ती पानं छापू. वस्तू गेली तरी तिची मधली वाट आपल्याकडे राहील.